आसन शिकवताना पाल्हाळ कसं आवरायचं

त्रिकोणासनाच्या एका बाजूला मी २६ सूचना देत होते. हा आकडा अंदाजपंचे नाही. सगळ्यांना विचारून, मोबाइल खिडकीत ठेवून स्वतःचाच वर्ग चित्रित केला आणि रात्री कागद-पेन घेऊन मोजला. पाऊल बाहेर वळवा, मागचं किंचित आत, पुढची टाच मागच्या कमानीच्या रेषेत, गुडघ्याच्या वाट्या वर ओढा, मांड्या बाहेर फिरवा, माकडहाड खाली, नाभी आत, बरगड्या पुढे येऊ देऊ नका, खांदे कानांपासून दूर... असं करत करत सव्वीस. एकोणिसाव्या सूचनेनंतर मागच्या रांगेतून एक दमलेला आवाज येतो, "ताई, पण श्वास कधी घ्यायचा?" मी त्यावर काय उत्तर दिलं असेल? काहीच नाही. मी विसावी सूचना दिली.

सतरा वर्षं शिकवल्यावर हे ऐकायला मिळालं. तेव्हापासून बोलणं छाटायची जी पद्धत मला लागू पडली, ती इथे सांगते. योग शिकवणाऱ्यांसाठी आहे, पण व्यायाम, नृत्य किंवा पोहणं शिकवणाऱ्यांनाही चालेल. शरीराकडून काही करून घ्यायचं म्हटलं की सगळ्यांची खोड एकच असते.

आधी मोजा

वर्गाच्या मधल्या दहा मिनिटांचं चित्रण करा. नुसता आवाज पुरत नाही, कारण प्रश्न तुम्ही काय बोललात हा नाहीच. बोलल्यावर कोण हललं हा आहे. मग प्रत्येक आज्ञार्थी क्रियापद एका ओळीवर लिहा: ओढा, दाबा, फिरवा, सोडा. समोर खूण करा. सूचनेनंतर वर्गात काही बदललं का? हीच गोष्ट आधी वेगळ्या शब्दांत सांगून झाली होती का? आणि ती नक्की कुणासाठी होती?

माझ्या सव्वीसपैकी पाच सूचनांनी माणसं हलली. नऊ सूचना म्हणजे आधीच्याच पाचांना घातलेले नवे कपडे. उरलेल्या बारांपैकी आठ एकेका माणसाची चूक बघून सगळ्या वर्गाला ऐकवलेल्या होत्या, आणि चार कुणासाठी होत्या ते मला अजून कळलेलं नाही.

त्या आठांवर जरा थांबते, कारण खरं नुकसान तिथे होतं. पहिल्या रांगेतल्या एकांचा गुडघा वाकलेला दिसला, म्हणून मी मोठ्याने म्हणाले, "गुडघा मागे ढकला, पाय सरळ." त्यांना ते ऐकूच गेलं नाही, आपल्याला उद्देशून आहे असं कुणालाच वाटत नसतं. पण शेजारच्या मुलीचे सांधे मुळातच सैल. तिचा गुडघा सरळच्याही पलीकडे मागे जातो. तिने इमानदारीने ऐकलं आणि आणखी मागे ढकलला. म्हणजे ज्याला औषध हवं होतं त्याला मिळालं नाही, आणि जिला नको होतं तिने दोन चमचे जास्त घेतलं. एकाची दुरुस्ती त्या एकाजवळ जाऊन, हळू आवाजात करायची. एवढा एक नियम पाळला तरी माझं बोलणं जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी झालं.

कोपराला कुणी सांगत नाही

१९२०च्या दशकात मॉस्कोमध्ये निकोलाय बर्नस्टाइन या शास्त्रज्ञाने छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या सराईत कामगारांच्या हालचालींचं चित्रीकरण केलं. हातोडा दर वेळी बरोबर जागी पडायचा. पण खांदा, कोपर, मनगट यांचे मार्ग प्रत्येक फटक्याला थोडे वेगळे असायचे. एक सांधा जरा चुकला तर दुसरा सांभाळून घ्यायचा. कामगाराचं लक्ष छिन्नीवर, आणि कोपर आपलं आपण बघून घ्यायचा.

आता त्या कामगाराच्या कानाशी उभं राहून "कोपर चौदा अंशांत ठेव, मनगट सैल, खांदा खाली" असं म्हणत राहिलं तर काय होईल? बोट चेचेल. आपण आसनात नेमकं तेच करतो. माणसाच्या मनात एका वेळी ताज्या गोष्टी मावतात त्या साधारण चार, असं नेल्सन कोवन यांनी २००१ साली अनेक प्रयोग तपासून मांडलं. चार म्हणजे शांत बसलेल्या माणसाला. एका पायावर डुगडुगणाऱ्या माणसाला किती ते तुम्हीच ठरवा. मी एक धरते.

तीनच वाक्यं

माझी आताची चौकट अशी: जायचं कुठे, भार कशावर, थांबायचं किती. तेच त्रिकोणासन आता असं सांगते:

"पाय लांब, उजवं पाऊल बाहेर, हात दोन्हीकडे पसरलेले; उजव्या हाताने उजवीकडच्या भिंतीकडे लांब पोचा, आणि आणखी पोचवेना झालं की हात खाली सोडा; नडगीवर पडेल नाहीतर विटेवर. मागच्या पायाची बाहेरची कड जमिनीला धरून ठेवा. पाच श्वास."

बस. यात माकडहाड नाही, नाभी नाही, बरगड्या नाहीत. तरी निम्म्याहून जास्त जण ठीक जातात, कारण भिंतीकडे लांब पोचताना कंबर आपसूक बाजूला सरकते, पाठ लांब होते आणि पुढे वाकण्याची ओढ कमी होते. ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी तुमचे डोळे, पाय आणि हळू आवाज आता मोकळे आहेत.

वाक्य लिहून काढा, खरंच कागदावर. पहिला महिना मी प्रत्येक आसनाची तीन वाक्यं लिहून भिंतीला चिकटवत होते. तोंडी करायला गेलं की चौथं वाक्य हळूच येतं आणि येताना भावंडं घेऊन येतं.

अजून एक. क्रम महत्त्वाचा. आधी माणूस जागेवर पोचू द्या, मग भार सांगा. अजून पाय पसरतच असलेल्या माणसाला टाचेची कड सांगणं म्हणजे पाव्हणे दारात असतानाच त्यांना झोपायची खोली दाखवणं.

बोट शरीराकडे नको, जगाकडे दाखवा

या भागाचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला, म्हणून जरा सविस्तर सांगते. पाल्हाळाच्या लेखात पाल्हाळ, पण चालवून घ्या.

१९९८ साली गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बर्फावरच्या घसरणीचा सराव करायचं एक यंत्र असतं; त्यावर उभं राहून डावी-उजवीकडे झोके घ्यायचे. काही जणांना सांगितलं, बाहेरच्या पावलाने जोर लावा. काहींना सांगितलं, बाहेरच्या चाकांवर जोर लावा. चाकं पावलांच्या बरोबर खाली होती, म्हणजे जागा जवळपास तीच. तरी चाकांकडे लक्ष देणाऱ्यांचं शिकणं सरस निघालं. पुढे तोल साधणं, चेंडू मारणं, उडी मारणं अशा बऱ्याच कामांत हाच कल दिसला. लक्ष शरीराच्या अवयवाकडे गेलं की माणूस आपोआप चाललेलं काम मुद्दाम करायला जातो आणि आखडतो. जिना उतरताना पायांचा विचार करून बघा, कळेल.

तर सूचना उलट्या करायला शिका. वृक्षासनात मी पूर्वी म्हणायचे, "घोटा स्थिर, पोटरी घट्ट, मांडी वर." आता म्हणते, "जमीन खाली दाबा, समोरच्या भिंतीवर एक ठिपका पकडा." अधोमुख श्वानासनात दंड बाहेर फिरवा, हात आत फिरवा, तर्जनीचं मूळ दाबा ही वरात संपवून, "दोन्ही हातांनी मॅट पुढे ढकला, बैठक मागच्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्याकडे." टाचा जमिनीला लागल्या नाहीत तर न लागोत. वीरभद्रासनात, "दोन पायांच्या मध्ये मॅट ताणून फाडायची आहे." हे ऐकल्यावर पायांत जे जागं होतं, ते स्नायूंची नावं घेऊन मला दहा वर्षांत जागं करता आलं नव्हतं.

यालाही एक खड्डा आहे. उपमांची चटक लागते. कमळ उमलतंय, झरा वाहतोय, पाठीचा कणा मोत्यांची माळ आहे, हे सगळं एकाच आसनात आलं की तेही पाल्हाळच, फक्त जरीकाठाचं. एका आसनाला एक चित्र. ते लागू पडलं नाही तर ते टाकून दुसरं घ्या, वर दुसरं चढवू नका.

आणि शरीरात आत लक्ष नेणं हा योगाचा गाभाच नाही का, असं कुणी विचारेल. आहे. पण तोल सांभाळत असताना नव्हे. जमिनीवर पडून, किंवा बसून, किंवा आसन सुटल्यावर उभं राहून: तेव्हा विचारा, "आता डावीकडे आणि उजवीकडे काय फरक वाटतो?" आणि उत्तर मागू नका.

जिभेवर बसलेल्या सूचना

काही सूचना आपण कुणाकडून तरी उचललेल्या असतात आणि त्या खऱ्या आहेत की नाहीत हे कधी तपासलेलं नसतं. मी शिक्षक-प्रशिक्षण घेतलं तिथे प्रत्येक आसनाचे मुद्दे पाठ करावे लागत आणि परीक्षेत मुद्द्यांना गुण असत. गप्प बसण्याला गुण नव्हते. त्यामुळे हे मुद्दे स्तोत्रासारखे बाहेर पडत.

"खांदे खाली ओढा." हात शरीराजवळ असताना ठीक. पण हात डोक्यावर नेताना खांद्यामागचं त्रिकोणी चपटं हाड फिरून वर यावंच लागतं. हाताच्या १८० अंशांच्या प्रवासातले साधारण ६० अंश त्या हाडाच्या फिरण्यातून मिळतात. ऊर्ध्वहस्तासनात हात वर आणि खांदे खाली असं एकदम सांगणं म्हणजे गाडीचा वेग वाढवा आणि ब्रेकही दाबा. ही सूचना मी साफ काढून टाकली. कुणाचे खांदे कानांना चिकटतात, त्यांना म्हणते, छताकडे पोचा आणि मान मोकळी ठेवा.

"नाभी आत, कण्याकडे." १९९६ मध्ये हॉजेस आणि रिचर्डसन यांच्या अभ्यासात दिसलं की कंबरदुखी असलेल्यांमध्ये पोटाचा सर्वांत खोलचा स्नायू हात हलवण्याआधी थोडा उशिरा जागा होतो. तो उशीर सेकंदाच्या बारीक भागाचा. त्यातून पोट सतत आत धरून ठेवा हा सल्ला जगभर पसरला. आता बघा, क्षणार्धाचा उशीर दिवसभर पोट आवळून कसा भरून निघणार? आणि श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, खाली उतरायला पोटाला जागा द्यावी लागते. आवळलेल्या पोटाने "खोल श्वास घ्या" हे ऐकणाऱ्याचं मला आता वाईट वाटतं.

"गुडघा पायाच्या बोटांपुढे नको." उत्कटासनात, म्हणजे खुर्चीत बसल्यासारखं गुडघे वाकवून उभं राहताना, हे मी हजारदा म्हटलं असेल. २००३ साली फ्राय, स्मिथ आणि शिलिंग यांनी खांद्यावर वजन घेऊन बैठका मारणाऱ्यांचं मोजमाप केलं. फळी लावून गुडघा पुढे जाऊ दिला नाही, तेव्हा गुडघ्यावरचं बल-आघूर्ण (सांधा फिरवू पाहणारा जोर) सुमारे १५० न्यूटन-मीटरवरून ११७ वर आलं. छान. पण खुब्याच्या सांध्याकडचं २८ वरून ३०२ वर गेलं, कारण तोल राखायला धड पुढे वाकवावं लागलं. म्हणजे भार गेला कुठेच नाही, बिऱ्हाड बदललं. दुखऱ्या गुडघ्याला काही दिवस असं सांगणं योग्य असू शकतं. सरसकट सगळ्या वर्गाला सांगण्यासारखं त्यात काही नाही.

आणि "पावलं समांतर." मांडीच्या हाडाची मान प्रत्येकात वेगळ्या कोनात वळलेली असते, खुब्याची वाटीही वेगळ्या दिशेला तोंड करून असते. मालासनात, म्हणजे उकिडवं बसताना, कुणाची पावलं बाहेर वळल्याशिवाय बैठक खाली जाणारच नाही. ते हाड आहे, आळस नव्हे.

पाच श्वास म्हणजे किती

माझ्या चित्रणातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट सूचनांची संख्या नव्हती. मी "पाच श्वास थांबा" म्हणते आणि अकराव्या सेकंदाला "सोडा" म्हणते. निवांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. म्हणजे पाच श्वासांना पंधरा ते पंचवीस सेकंद लागतात, आणि सावकाश घेतले तर अर्ध्या मिनिटाच्या वर. मग मी अकरा सेकंदांत काय मोजत होते? स्वतःची अस्वस्थता.

उपाय बाळबोध आहे. श्वास मोजायचे ते स्वतः घेऊन, तोंड मिटून. नाकाने श्वास चालू असताना माणसाला भाषण करता येत नाही. पहिल्या दिवशी ही शांतता असह्य लांब वाटेल. कुणीतरी डोळे उघडून तुम्ही खोलीत आहात का ते बघेल. बघू दे.

या वेळात रिकामं उभं राहायचं नाही, पाहायचं. मी पावलांपासून सुरुवात करते आणि तिसऱ्या श्वासापर्यंत चेहऱ्यावर येते. चेहरा सगळ्यात खरा बोलतो. दात आवळलेले असतील तर त्या माणसाला अजून एक सूचना नको, त्याला त्या आसनातून थोडं बाहेर आणायला हवं.

दुरुस्तीही दर वेळी करू नका. विन्स्टीन आणि श्मिट यांनी १९९० मध्ये एका हालचालीच्या सरावात काहींना प्रत्येक प्रयत्नानंतर आणि काहींना निम्म्याच प्रयत्नांनंतर चूक-बरोबर सांगितलं. नंतर, सांगणारं कुणी नसताना, निम्म्या वेळा ऐकलेल्यांना ते जास्त चांगलं आठवलं. म्हणून मी डावी बाजू दुरुस्त केली तर उजवी त्यांची त्यांना करू देते. "इथे ताण आला पाहिजे" हेही बंद केलं. तिथे आला नाही की माणूस ताण शोधत ओढत बसतो. "कुठे जाणवतंय?" एवढं पुरे.

मग तपशील कधी

तपशील माझा वैरी नाही. तिरुमलै कृष्णमाचार्यांकडे मैसूरला शिकलेले दोन शिष्य बघा. बी. के. एस. अय्यंगारांची ओळख बारकाव्यांसाठी, विटा-पट्टे-खुर्च्यांसाठी. के. पट्टाभि जोइसांच्या पद्धतीत विद्यार्थी क्रम पाठ करून आपापल्या गतीने करतात, शिक्षक बहुतेक वेळ गप्प असतो. आणि सगळ्यांनी एकत्र करायचं तर संस्कृतात आकडे मोजले जातात. गुरू एकच, वाटा दोन, आणि दोन्ही वाटांवर माणसं तयार झाली. पतंजलींनी तर आसनाला मोजून तीन सूत्रं दिली, त्यातलं पहिलं "स्थिरसुखमासनम्". तपशील द्यायचा तर तो वाटून द्या: आज एक, पुढच्या आठवड्यात एक, तेच आसन तिसऱ्यांदा करताना आणखी एक. एकाच फेरीत सगळे ओतले की एक ना धड, भाराभर चिंध्या.

शीर्षासन, सर्वांगासन अशा मानेवर भार येणाऱ्या आसनांत मी भरपूर बोलते, पण चढण्याआधी, सगळे बसलेले असताना. आणि पहिली गोष्ट सांगते ती खाली कसं यायचं. उलट्या माणसाला काही शिकवता येत नाही. गरोदर बाई, शस्त्रक्रिया झालेला माणूस, नुकताच कंबरदुखीतून सावरलेला: यांच्याशी वर्गाआधी स्वतंत्र बोलणं.

दृष्टिहीन विद्यार्थी असेल किंवा पडद्यावरून वर्ग असेल तर शब्द वाढतात, वाढायलाच हवेत. पण ते जागेचे शब्द असू द्या: मॅटच्या लांब कडेकडे तोंड, उजवी टाच मागच्या कोपऱ्यात. अगदी नव्या माणसाला मात्र जास्त नव्हे, सगळ्यात कमी सांगायचं. आपण नेमकं उलट करतो, कारण त्याच्या चुका जास्त दिसतात. त्याला एकदा न बोलता करून दाखवा. होय, तोंड बंद ठेवून. करून दाखवत असतानाच बोललं की तो बघत नाही आणि ऐकतही नाही.

शवासन

शेवटचा गड हाच. इतर ठिकाणी बोलणं छाटलं तरी शवासनात माझी जीभ सुटायची: डाव्या पायाची करंगळी सैल, तिच्या शेजारचं बोट सैल. योगनिद्रा करायची असेल तर ते वेगळं, तिथे आवाजाच्या मागे जाणं हेच काम असतं. साध्या शवासनात चार वाक्यं पुरतात. आडवे व्हा, हवं तर गुडघ्यांखाली लोड घ्या. पाय आपोआप बाहेर पडू द्या. आता मी सात मिनिटं बोलणार नाही. वेळ झाली की मी आधी हळूच तुमचं नाव न घेता आवाज देईन, दचकू नका.

तिसरं वाक्य गाळू नका. मिनिटं सांगितली नाहीत तर अर्धा वर्ग पुढच्या सूचनेची वाट बघत पडून राहतो. घड्याळ समोर ठेवा, हात मांडीवर. दुसऱ्या मिनिटाला तुम्हाला "जबडा सैल" म्हणावंसं वाटेल. स्वतःचा सैल करा. कुणी घोरायला लागलं तर घोरू द्या. माझ्याकडे एक काका घोरतात, आणि त्यांच्या शेजारी झोपायला बाकीच्यांत चढाओढ असते.